दात दुखत नाही, पण हलतोय

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्य व्याख्यानात आपल्या एका दंतवैद्य सभासद भगिनीने केलेले भाषण)



संस्थेला २५ वर्षं पूर्ण झाली, त्याबद्दल आधी सगळ्यांचं अभिनंदन. ज्यांनी तिशी-पस्तिशीत इथं फ्लॅट घेतला, ते आता साठीला टेकलेत. तेव्हा बाबागाडीत असलेली मुलं नोकरीला लागली. माझ्या धंद्याच्या दृष्टीने सांगायचं तर साठीच्या आसपासच लोक दात हलतोय म्हणून येतात, आणि बहुतेक वेळा उशिरा येतात. त्यामुळे समितीने 'दातांची सफाई' हा विषय सुचवला तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

माझं माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं. म्हणजे कंदी पेढा आणि भडंग, दोन्हींबद्दल बोलायचा मला अधिकार आहे. घाबरू नका, दोन्हीपैकी काहीच बंद करायला सांगणार नाही. पेढा दिवसभर थोडा थोडा चघळू नका, जेवणाबरोबर खाऊन मोकळे व्हा. आणि भडंगातला शेंगदाणा दाताच्या फटीत अडकला तर सेफ्टी पिनने कोरू नका. एवढंच.

आपला हा पट्टा दवाखान्यांसाठी प्रसिद्ध. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून लांबलांबून माणसं इथं उपचाराला येतात. दातांची कॉलेजंसुद्धा आपल्याकडे आहेत. सांगलीत भारती विद्यापीठाचं, कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचं, आणि सातारा जिल्ह्यात कराडला कृष्णा विद्यापीठाचं. एवढं सगळं हाकेच्या अंतरावर असून आपण दातांकडे जातो ते दात काढायलाच. ही सवय आज थोडी हलली तरी पुष्कळ झालं.

समितीने चार दिवस आधी नोटीस बोर्डाखाली डबा ठेवला होता, प्रश्न टाका म्हणून. नाव लिहायची सक्ती नव्हती, त्यामुळे प्रश्न अगदी मोकळे आलेत. मी आज त्या चिठ्ठ्यांनाच उत्तरं देते.

पहिली चिठ्ठी. 'दात क्लीन केले की सैल होतात आणि फटी पडतात असं ऐकलंय. खरं आहे का?'

हा प्रश्न चार जणांनी विचारलाय, म्हणून आधी घेते. त्यासाठी दातावर काय साचतं ते बघू. आपण काही खाल्लं, न खाल्लं, तरी दातावर जंतूंचा एक मऊ, चिकट थर बसत राहतो. त्याला प्लाक म्हणतात. सकाळी उठल्यावर दातावरून जीभ फिरवली की बुळबुळीत लागतं, तोच तो. हा थर ब्रशने निघतो. पण जिथं ब्रश पोचत नाही तिथं तो राहतो, आणि लाळेतलं कॅल्शियम, फॉस्फेट त्यात बसून काही दिवसांत तो कडक होतो. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने नळाच्या जाळीवर पांढरा क्षार धरतो ना, तसाच प्रकार. याला आपण कीटण म्हणतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला ते जास्त धरतं, कारण लाळेच्या नळ्या तिथं उघडतात. घरी गेल्यावर आरशात खालच्या दातांची मागची बाजू बघा, बऱ्याच जणांना पिवळी-तपकिरी रेघ दिसेल.

हे कीटण एकदा धरलं की ब्रशने, मिठाने, कोळशाने, कशानेही निघत नाही. खरखरीत असल्यामुळे त्यावर नवा प्लाक आणखी धरतो. हिरडी सुजते, ब्रश करताना रक्त येतं. पुढं हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये कप्पा तयार होतो. निरोगी हिरडीत हा कप्पा १ ते ३ मिलिमीटर खोल असतो. ४ किंवा त्याहून जास्त झाला आणि रक्त येत असलं, की आम्ही सावध होतो. त्या कप्प्यात कीटण आत उतरतं आणि दाताला धरून ठेवणारं हाड हळूहळू झिजतं. यालाच लोक पायोरिया म्हणतात.

आता प्रश्नाकडे येऊ. ज्याचं हाड आधीच झिजलंय त्याचा दात हाडाच्या नाही, कीटणाच्या आधारावर उभा असतो. दातांच्या मधली जागा कीटणाने आणि सुजलेल्या हिरडीने भरलेली असते. सफाई केली, सूज उतरली, की ती जागा मोकळी दिसते आणि दात सैल वाटतो. सफाईने फट पाडलेली नसते, फट होतीच, ती आता दिसली. भिंतीचा पोपडा काढल्यावर आतली चीर दिसते, तेव्हा आपण गवंड्याला दोष देत नाही.

दाताचं वरचं कवच घासलं जातं का, असंही एकाने विचारलंय. आम्ही वापरतो ते स्केलर म्हणजे सुई किंवा छिन्नी नव्हे. त्याचं टोक सेकंदाला २५ हजारांपेक्षा जास्त वेळा अतिसूक्ष्म थरथरतं, त्या थरथरीने कीटण सुटतं आणि पाण्याच्या फवाऱ्याने वाहून जातं. नीट वापरलं तर दाताचं कवच शाबूत राहतं. नंतर दोन-चार दिवस गार पाणी, गरम चहा सणकतो, तो बहुतेकांचा आपोआप थांबतो. कप्पे खोल असतील तर मात्र वरवरची सफाई पुरत नाही. मग हिरडी बधिर करून मुळापर्यंत साफ करावं लागतं. ते एका बैठकीत होत नाही आणि त्यानंतर पुन्हा तपासणीला यावं लागतं.

एक इशारा मात्र देते. जत्रेत किंवा बाजारात बाटलीतलं 'औषध' लावून पाच मिनिटांत दात पांढरे करून देणारे बसतात. त्या बाटलीत बहुधा ॲसिड असतं. त्याने कवच खरंच जातं आणि ते परत येत नाही. कायद्याने दंतवैद्याची नोंदणी सक्तीची आहे. दवाखान्यात नोंदणीचं प्रमाणपत्र लावलेलं असतं, ते बघायला लाजू नका.

दुसरी चिठ्ठी. 'माझा एकही दात दुखत नाही. मग कशाला जायचं?'

माझ्या खुर्चीत बसून सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, 'मॅडम, दुखत न्हाई ओ, नुसता हालतोय.' हिरड्यांचा आजार असाच असतो. किडलेली दाढ रात्री बारा वाजता उठवून बसवते, त्यामुळे तिच्याकडे लक्ष जातं. हाड झिजतं ते मात्र गुपचूप. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून तर रक्तही कमी येतं, त्यामुळे त्यांना वाटतं सगळं ठणठणीत आहे.

आपल्या इमारतीचंच बघा ना. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असं उपविधी सांगतात. स्लॅब पडला म्हणून नाही, पडू नये म्हणून. दातांचंही तसंच आहे. फरक एवढाच की कॉलमला जॅकेटिंग करता येतं, पण झिजलेलं हाड पूर्वीसारखं भरून आणणं बहुतेक वेळा जमत नाही. आहे तेवढं टिकवणं हेच मोठं काम.

याचे दोन जुने दाखले सांगते. १९६५ साली डेन्मार्कमध्ये १२ निरोगी माणसांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर सूज उतरली. म्हणजे सुरुवातीचा आजार मागे फिरवता येतो. दुसरा दाखला आपल्या शेजारचा, श्रीलंकेतला. तिथल्या चहाच्या मळ्यांत काम करणाऱ्या ४८० तमिळ मजुरांचे दात १९७० पासून १५ वर्षं तपासत राहिले. ना ब्रश, ना दंतवैद्य. सगळ्यांच्या दातांवर कीटण होतं आणि हिरड्या सुजलेल्या होत्या. तरी १०० पैकी साधारण ११ जणांचं हाड शाबूत राहिलं, ८ जणांचं झपाट्याने गेलं आणि बाकीच्या ८१ जणांचं हळूहळू.

हे का सांगते? 'आमच्या आज्जीने कधी ब्रश बघितला नाही, तरी ऊस सोलून खायची' हे प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. ती आज्जी त्या ११ जणींतली असेल. पण आपण कोणत्या गटात आहोत हे आरशात बघून कळत नाही. ते कप्प्याची खोली मोजून आणि गरज पडली तर एक्स-रे काढून कळतं. म्हणून जायचं.

तिसरी चिठ्ठी जरा खोचक आहे. 'दर सहा महिन्यांनी दात क्लीन करा असं सगळे डॉक्टर म्हणतात. हा तुमचा धंदा तर नव्हे?'

विचारणाऱ्याचं कौतुक करते. ब्रिटनमध्ये १८०० हून जास्त लोकांवर तीन वर्षं एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ साली आले. काहींची सफाई सहा महिन्यांनी केली, काहींची वर्षाने, काहींची केलीच नाही. तीन वर्षांनी तिन्ही गटांच्या हिरड्यांत दखल घेण्याजोगा फरक दिसला नाही. म्हणजे सहा महिने हा आकडा काही ब्रह्मवाक्य नाही.

पण ती माणसं कोण होती हेही बघा. ती नियमित दंतवैद्याकडे जाणारी होती आणि त्यांना हिरड्यांचा गंभीर आजार नव्हता. आपल्यापैकी कितीजण नियमित जातात? आयुष्यात एकदाही सफाई न केलेला, वीस वर्षांचं कीटण घेऊन आलेला पेशंट आणि तो ब्रिटिश माणूस यांची बरोबरी होत नाही. म्हणून माझं म्हणणं असं आहे. तपासणी वर्षातून एकदा सगळ्यांनी करावी. सफाई मात्र कीटण असेल, रक्त येत असेल, कप्पे असतील तरच करावी. ज्याला पायोरिया होऊन गेलाय त्याला तीन-चार महिन्यांनीही बोलवावं लागतं. आणि ज्याचे दात स्वच्छ आहेत त्याला 'छान ठेवलेत, पुढच्या वर्षी या' म्हणून परत पाठवलं पाहिजे. 'कुठं कीटण आहे ते दाखवा' असं डॉक्टरांना बिनधास्त म्हणा. आरसा हातात देऊन दाखवता येतं.

आणखी एक. सफाई करून घरी आल्यावर पहिल्या दिवसापासून प्लाक पुन्हा बसायला लागतो. टाकी धुऊन झाकण उघडं ठेवलं तर काय उपयोग? माझं काम वर्षातून अर्धा तास, तुमचं काम रोज चार मिनिटं. खरं राखण तुमच्या हातात आहे. मऊ ब्रश घ्या, हिरडीकडे तिरका धरा, दोन मिनिटं हळू फिरवा. सकाळी एकदा आणि रात्री झोपताना एकदा. दोन्हीपैकी एकच जमत असेल तर रात्रीचं सोडू नका. पेस्ट फ्लोराइडची, वाटाण्याएवढी. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी. फटी मोठ्या असतील तर फटीत घालायचा बारीक ब्रश मेडिकलमध्ये मिळतो. राख, विटकर, कोळसा, जाड मीठ यांनी दात चमकतात ते घासून गेल्यामुळे.

चौथी चिठ्ठी. 'मला दहा वर्षं शुगर आहे. दातांचा आणि शुगरचा काय संबंध?'

संबंध दोन्हीकडून आहे. शुगर ताब्यात नसली की हिरड्यांचा आजार वाढतो. आणि हिरड्यांत कायम सूज असली की शुगर ताब्यात यायला त्रास होतो. हिरड्यांचा नीट उपचार केला तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी साधारण ०.४ ने खाली येते, असं बऱ्याच अभ्यासांत एकत्रितपणे दिसलंय. हा आकडा छोटा वाटेल, पण शुगरवाल्यांना विचारा, तेवढ्यासाठी काय काय करावं लागतं ते. गोळ्या आणि पथ्य सोडून हा उपाय नाही, त्यांच्या जोडीला आहे. सफाईला येताना उपाशी येऊ नका, रोजची गोळी घेऊन, नाष्टा करून या. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, हृदयाची झडप बदललेली असेल, पेसमेकर असेल तर आधी सांगा. आणि ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. गरोदर बाईच्या हिरड्या सुजतात, तिचीही सफाई करता येते, मधले तीन महिने त्याला सोयीचे.

आता शेवटची चिठ्ठी. ही मी मुद्दाम मागं ठेवली. अक्षर बाईमाणसाचं आहे. 'सासूबाई मिश्री लावतात. हिरड्या पार काळ्या पडल्यात. मी काही बोलले की घरात वाद होतो. दात साफ केले तर मिश्री सुटेल का?'

सातारा-सांगलीत मिश्री म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि बोटाने दाता-हिरडीवर चोळून धरायची. आपल्या आया-आज्यांनी ती दात घासायची पावडर म्हणूनच जवळ केली. दात दुखला, लावा मिश्री. पोट साफ होत नाही, लावा मिश्री. थोडं बधिर होतं, बरं वाटतं, आणि सवय जडते ती निकोटिनची. १९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि टूथपावडरमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. पण घरच्या तव्यावर कुणाची बंदी चालणार?

मिश्रीने हिरडी दातावरून मागे सरकते, मुळं उघडी पडतात. गालाच्या आत, हिरडीवर पांढरा चट्टा येऊ शकतो आणि त्यातले काही चट्टे पुढं कॅन्सरकडे जातात. आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात एक लाखाहून जास्त खेडुतांची तोंडं तपासून केलेला अभ्यास १९७२ सालीच प्रसिद्ध झालाय. म्हणजे ही माहिती काल-परवाची नाही. मुंबईतल्या गरोदर बायकांचा २००४ सालचा अभ्यास सांगतो, की बिनधुराची तंबाखू घेणाऱ्या, म्हणजे मुख्यतः मिश्रीवाल्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. त्यामुळे घरात सून किंवा लेक गरोदर असेल तर तिच्या हाताला मिश्री लागूच देऊ नका.

आता वैनी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नुसत्या सफाईने मिश्री सुटत नाही. सफाईने डाग जातात, कीटण जातं, वास जातो. पण एक गोष्ट मी दवाखान्यात पाहिली आहे. साठ-पासष्ट वर्षांच्या आक्कांना सफाईनंतर आरसा दिला की त्या बराच वेळ बघत बसतात. मग हळूच म्हणतात, 'आता परत काळं करायला जीवावर येतंय.' ते वाक्य सोडायचं नसतं. त्याच वेळी बोलायचं. सकाळच्या पहिल्या मिश्रीच्या जागी ब्रश द्यायचा, दिवसातल्या वेळा मोजून एकेक कमी करायची. तलफ येते ती काही मिनिटांची असते, तेवढ्यात पाणी, बडीशेप, लवंग काहीतरी हातात द्यायचं. सरकारची १८००-११-२३५६ ही फुकट फोन लाईन आहे, तंबाखू सोडायला मदत करणारी माणसं तिथं बोलतात. आणि सासूबाईंना 'घाण' हा शब्द वापरू नका. पन्नास वर्षं त्यांनी ती दातांचं औषध म्हणून लावलीय. त्यांना तुमच्याबरोबर दवाखान्यात आणा. 'माझे दात दाखवायचेत, सोबत चला' म्हणा. बाकीचं आम्ही बघतो.

तोंडात दोन आठवड्यांत बरा न होणारा फोड, पांढरा-लाल चट्टा, गाठ, किंवा तोंड उघडायला अडचण, यातलं काहीही दिसलं तर सफाईची वाट बघू नका, त्याच आठवड्यात दाखवा. हे मिश्रीवाल्यांना, मावा-गुटखावाल्यांना, सगळ्यांना लागू. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, पण कोपऱ्यावर काय मिळतं ते आपल्याला ठाऊक आहे.

खर्चाचं राहिलं. खासगी दवाखान्यात परवडत नसेल तर मघाशी सांगितलेल्या दंत महाविद्यालयांच्या ओपीडीत जा. विद्यार्थी काम करतात, शिक्षक डोक्यावर उभे असतात. वेळ जास्त लागतो, पैसे कमी लागतात. जिल्हा रुग्णालयातही दंत विभाग असतो. आपल्या संस्थेचे वॉचमनदादा, झाडूवाल्या मावशी, घरोघरी कामाला येणाऱ्या ताई, यांनाही हे सांगा. मिश्री आणि तंबाखू त्यांच्यात जास्त आहे आणि दवाखाना त्यांच्यापासून जास्त लांब आहे. समितीची परवानगी असेल तर महिन्यातला एक रविवार मी क्लब हाऊसमध्ये सकाळी दोन तास सगळ्यांचे दात फुकट बघून देईन. त्यात सभासद आणि कामगार असा भेद राहणार नाही, रांग एकच.

हिशेब केला तर ३२ दात आणि एक जन्म, बदली दुसरा संच नाही. कवळी चांगलीच असते, पण घरच्या दातांनी हुरडा खाण्याची सर तिला नाही. सुवर्णमहोत्सवाला याच सभागृहात भेटू, तेव्हा ज्याच्या त्याच्या दातांनी भडंग खाऊ.